जुन्या दगडी भिंतीला गिलावा कशाचा?

प्रश्न : वाईजवळ आमचे काळ्या दगडाचे, मातीत बांधलेले जुने घर आहे. आतला सिमेंटचा गिलावा दर पावसाळ्यात फुगून पडतो. पर्यावरणाला मानवेल असा पर्याय सुचवावा. – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपल्या भिंतीला चुन्याचा गिलावा करावा. पायातून चढणारी ओल मातीच्या दरजांतून बाहेर पडू पाहते. सिमेंटचा घट्ट थर तिला अडवतो, आणि ती क्षारांसह मागे साचून पापुद्रे सुटतात. चुना सच्छिद्र असल्याने ओल सुकू देतो. शिवाय पर्यावरणालाही चुनाच मानवतो : त्यासाठी चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजते, सिमेंटच्या भट्टीला सुमारे १४५० अंश लागतात. आणि भिंतीवरचा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषूनच कडक होतो.

जुना गिलावा पूर्ण खरवडावा. एक भाग मुरवलेला चुना व तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू घेऊन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवावा. गवंडी घाई करतील, लवकर वाळावे म्हणून सिमेंट मिसळू म्हणतील; ऐकू नये. वर प्लास्टिक पेंट दिला तर सारे मुसळ केरात, म्हणून चुन्याची सफेदीच द्यावी. काम दिवाळीनंतर काढावे, आणि त्याआधी पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर वळवावे.