गणित, इतिहास, भाषेच्या तासाला मुलांचे लॅपटॉप कसे वापरावेत?

तुमचा प्रश्न असा की मुलांना लॅपटॉप मिळाले, पण ते संगणकाच्या तासापुरतेच उघडतात. बाकीच्या विषयांत आणायचे कसे? मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गणित-विज्ञान शिकवतो. आमच्याकडे सायबरएज या विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या सरकारी योजनेपासून मुलांच्या हाती यंत्रं येताहेत, पण वर्गात फळा आणि घरी लॅपटॉप ही वाटणी फारशी बदललेली नाही.

माझं मत: प्रत्येक विषयाला वेगळं सॉफ्टवेअर शोधत बसू नका. मुलांनीच गोळा केलेली एखादी माहिती घ्या आणि ती दोन-तीन शिक्षकांनी आपापल्या तासाला वापरा. गोव्यात जूनमध्ये याला पावसासारखा विषय नाही. सरळ कडांची प्लास्टिकची बाटली कापायची, तळाचा खडबडीत भाग पाण्याने भरून तिथे शून्याची खूण करायची, बाहेरून पट्टी चिकटवायची. रोज सकाळी ठरल्या वेळी मोजायचं, आकडा कॅल्कमध्ये (लिबरऑफिसमधला आकड्यांचा तक्ता) भरायचा आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणायचं.

महिनाभरात गणिताला खरं खाद्य मिळतं. धो धो पडलेला एखादा दिवस सरासरी कशी वर ओढतो आणि मध्यक मात्र जागचा फारसा हलत नाही, हे पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा इथे चटकन कळतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तेव्हा 200 चौरस मीटरच्या छपरावर 100 मिमी पाऊस पडला तर 20,000 लिटर पाणी येतं. हे गणित झालं की मुलं आपापल्या घराचं छप्पर मोजायला लागतात. भूगोलात हवामान खात्याची वर्गवारी लावा: 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे ‘जोरदार’, त्यापुढे 204.4 पर्यंत ‘अतिजोरदार’. मुलं स्वतःच्या तक्त्यातले दिवस त्याप्रमाणे रंगवतात.

इतिहासाला आकड्यांपेक्षा आवाज बरा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावर झालेल्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाची आठवण असलेली माणसं अजून गावागावात आहेत. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं अशी चिन्हं होती. निकाल 1,38,170 विरुद्ध 1,72,191. आजी-आजोबांना विचारा, लॅपटॉपवर रेकॉर्ड करा आणि त्यातली दोनच मिनिटं मुलांना शब्दशः टंकायला सांगा. आजी कोंकणीत बोलते, मुलगा मराठीत लिहितो, तेव्हा कोणता शब्द तसाच ठेवायचा यावर जी चर्चा होते, ती मराठीच्या बाईंनाच चालवू द्या. हा विषय काही घरांत अजून तापतो, तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं बोलतील एवढं बघा.

भूमितीला जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर आहेच. काटकोन त्रिकोण काढून दाखवायला मात्र कंपासच पुरे.

अडचणी दोन. पावसात वीज जाते, म्हणून चार्जिंग घरूनच करून आणायला सांगा आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या गोष्टीच निवडा. कॅल्क, जिओजेब्रा आणि आवाज रेकॉर्ड करायची ऑडॅसिटी एकदा टाकली की नेट लागत नाही. दुसरी अडचण मुलांच्या नजरेची. मी बोलत असताना झाकण बंद, काम सुरू झालं की उघडं, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. एका बाकावर दोघांत एकच लॅपटॉप उघडला तर कामही जास्त होतं. एकजण भरतो, दुसरा तपासतो, आणि पुढच्या तासाला अदलाबदल.