घरच्या घरी कार्बन फायबरची कॉम्प्युटर केस बनवता येईल का?

हो, नक्की येईल. पण कार्बन फायबरचं कापड आणायच्या आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कार्बन फायबरमधून वीज वाहते. प्लास्टिकसारखं समजून मदरबोर्ड थेट पॅनेलवर टेकवलात तर शॉर्ट होईल, म्हणून खाली स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब, हवेतच. वाय-फायचे सिग्नलही अडतात, अँटेना बाहेर काढा.

सपाट पॅनेलसाठी जाड काच हाच उत्तम साचा. तिच्यावर रिलीज वॅक्सचे, म्हणजे पॅनेल काचेला चिकटू न देणाऱ्या मेणाचे, चार-पाच हात द्या, मग चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या कापडाचे थर इपॉक्सीत (सुकून घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये) भिजवत एकावर एक बसवा. सात-आठ थरांत साधारण 2 मिमी जाडी मिळते. रोलरने बुडबुडे कडेकडे ढकलत न्या. इथे घाई केलीत तर काचेवरून सुटलेल्या चकचकीत पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, आणि ती बघून फार हळहळ वाटते.

खरी काळजी धुळीची. कापताना, घासताना उडते, श्वासात जाते, अंगाला खाज सुटते. शिवाय पीसीत शिरली तर तीही वीज वाहून नेते. पाणी मारतच घासा, चांगला मास्क आणि हातमोजे घाला, पॅनेल धुऊन पूर्ण सुकल्यावरच जोडणीला बसा.