न वितळता घन पदार्थाची स्फटिकरचना कशी बदलते?

तुमचा प्रश्न असा, की पदार्थ वितळलाच नाही आणि अणू घरदार सोडून कुठे गेले नाहीत, तर हजार अंशांच्या पुढे त्याची रचना बदलते म्हणजे नेमकं काय होतं? मी दादरला दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये भट्टी सांभाळतो, म्हणून कॅप ज्याच्या बनतात त्या झिर्कोनियावरूनच, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडवरूनच सांगतो.

शुद्ध झिर्कोनिया एरवी मोनोक्लिनिक असतो, म्हणजे अणूंच्या मांडणीचा मूळ डबा एका बाजूला कललेला. प्रत्येक झिर्कोनियम अणूभोवती ऑक्सिजनचे सात अणू. साधारण ११७० अंश सेल्सिअसला तो टेट्रागोनल होतो, म्हणजे डबा सरळ पण एका दिशेने लांबट, आणि शेजारी आठ होतात. २३७० च्या आसपास क्यूबिक, म्हणजे घनाकृती. वितळायला २७०० ओलांडावे लागतात. पहिल्या बदलात अणू भटकत नाहीत. कवायतीत एका हुकमावर अख्खी रांग अर्धं पाऊल सरकते, तसे सगळे मिळून जरासे सरकतात. म्हणून बदल झपाट्याने होतो. गार असताना बंध घट्ट ठेवणारी रचना टिकते, तापल्यावर अणूंना थरथरायला जास्त मोकळीक देणारी वरचढ ठरते.

खरी गोष्ट थंड होताना घडते. टेट्रागोनल ११७० ला परत फिरत नाही, साधारण ९५० पर्यंत तग धरतो. फिरतो तेव्हा आकारमान ४-५ टक्क्यांनी वाढतं, आणि सिरॅमिकला ते सोसत नाही. मुंबई विद्यापीठात कलिन्याला एम.एस्सी. करताना शुद्ध झिर्कोनियाची गोळी भट्टीत ठेवली होती. सकाळी क्रुसिबलमध्ये, म्हणजे भट्टीतल्या भांड्यात, तुकडे. त्यांची पूड करून एक्सआरडी काढलं (क्ष-किरण कोणत्या कोनात परावर्तित होतात त्यावरून रचना ओळखतात), तर आलेखात ३० अंशांच्या कोनाजवळचा टेट्रागोनलचा मोठा पीक, म्हणजे उंचवटा, गायब, आणि २८ व ३१.५ जवळ मोनोक्लिनिकचे दोन पीक उभे.

यात साधारण ३ मोल टक्के (रेणूंच्या संख्येनुसार टक्के) इट्रिया, म्हणजे इट्रियमचा ऑक्साइड, मिसळला, की टेट्रागोनल गार झाल्यावरही अडकून राहतो. आमच्या कॅपचा ब्लॉक असाच असतो. १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक आणि पास्को या संशोधकांनी दाखवलं ते मला आजही विलक्षण वाटतं: तडा जायला लागला की त्याच्या टोकाशी असलेले टेट्रागोनल कण ताणामुळे मोनोक्लिनिक होतात, फुगतात आणि तड्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. गोळी फोडणारा बदल तोच, इथे तो कॅप वाचवतो.

म्हणूनच तयार कॅप घासायची झाली तर डॉक्टरांना आम्ही सांगतो, पाणी चालू ठेवा, बारीक बर (घासायचं फिरतं टोक) घ्या. रगडून घासलं तर वरचा थर तिथेच मोनोक्लिनिक होऊ लागतो आणि खोल ओरखडे पडतात ते वेगळेच.