लग्न झाले नसले, तरी पोटगीचा हक्क मुलीचा आहे

प्रश्न : मी आणि माझा जोडीदार चार वर्षे एकत्र राहिलो, लग्न केले नाही. आमची मुलगी आता तीन वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी आम्ही वेगळे झालो, तेव्हा त्याने मला दोन लाख रुपये दिले आणि ‘यापुढे मुलीच्या खर्चासाठी काहीही मागणार नाही’ असे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले. त्यावर दोघांच्याही सह्या आहेत. ते पैसे मुलीच्या आजारपणात संपले. आता मदत मागितली, तर ‘लग्नच झाले नाही, तर पोटगी कसली?’ असे तो म्हणतो आणि मुलगी आपली नसल्याचेही सुचवतो. मी सध्या दुसऱ्या जिल्ह्यात आईकडे राहते. मला काही करता येईल का? (कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : करता येईल, आणि विलंब न लावता करावे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून, जुन्या कलम १२५ मधील पोटगीची तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे. पुरेसे उत्पन्न असूनही जो बाप आपल्या औरस किंवा अनौरस अपत्याचे पालनपोषण करत नाही, त्याला दरमहा पोटगी देण्याचा आदेश न्यायालय या कलमाखाली देऊ शकते, मग त्याचा धर्म कोणताही असो. ‘अनौरस’ हा शब्द मला स्वतःला फार खुपतो, कारण आईवडिलांच्या निर्णयाचा शिक्का तो लेकराच्या माथी मारतो. परंतु कायद्यात तो आहे आणि तुमच्या मुलीचा हक्क तिथे स्पष्ट नोंदलेला आहे, म्हणून अर्जात तो वाचावा लागला तरी खचून जाऊ नका.

स्टॅम्प पेपरची धास्ती बाळगू नका. पोटगी हा मुलीचा स्वतंत्र हक्क आहे, आणि तिच्या वतीने तो कायमचा सोडून देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. त्यामुळे तुमच्या सहीने तिचा दावा संपत नाही. दोन लाख रुपये मिळाल्याचे मात्र अर्जात स्वतःहून सांगा, कारण ते लपवले आणि नंतर त्याने दाखवून दिले, तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वासही कमी होतो.

खरी लढाई पितृत्वाची आहे. विवाहित जोडप्याच्या बाबतीत मूल पतीचेच आहे, असे कायदा गृहीत धरतो. तुमच्या बाबतीत ते गृहीतक लागू नसल्याने मुलगी त्याची आहे, हे तुम्हालाच दाखवावे लागेल. डीएनए चाचणी मागितली की लगेच मिळते, असा समज असतो, तो बरोबर नाही. केवळ कोणी मागणी केली म्हणून अशी चाचणी सरसकट करायला लावू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून सांगितलेले आहे. आधी प्रथमदर्शनी सबळ पुरावा हवा. जन्मदाखल्यावर वडील म्हणून त्याचे नाव, प्रसूतीच्या वेळी रुग्णालयाच्या कागदांवर त्याची सही, एकत्र राहत्या घराचा भाडेकरार, त्याने बँकेतून पाठवलेल्या रकमा, मुलीविषयीचे संदेश, जे असेल ते गोळा करा. संदेश ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका किंवा बदलू नका, आणि न्यायालयात सादर करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार लागणारे प्रमाणपत्र वकिलांकडून तयार करून घ्या. पण या सगळ्यांत महत्त्वाचा कागद तुमच्याकडे आधीच आहे, तो म्हणजे तो स्टॅम्प पेपर. मुलगी त्याची नव्हती, तर तिच्या खर्चापोटी पुढे काही मागू नये म्हणून दोन लाख रुपये देऊन सही घेण्याचे त्याला कारणच काय होते, या प्रश्नाचे उत्तर त्याला द्यावे लागेल. चाचणीचा आदेश होऊनही त्याने ती नाकारली, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते.

अर्ज तो राहतो त्या जिल्ह्यात किंवा तुम्ही दोघे शेवटी जिथे एकत्र राहत होता तिथे करावा. कुटुंब न्यायालय असल्यास तिथे, नसल्यास प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. त्यासोबतच अंतरिम पोटगीची, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या पोटगीची, मागणी करा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तिचा निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, पण ही मुदत न्यायालयाच्या नजरेस आणून देण्याचा आग्रह धरावा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० मधील रजनेश विरुद्ध नेहा या निकालानुसार दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर व्हावी, असेही त्या निकालात म्हटले आहे. गेल्या दीड वर्षाचा खर्च त्यामुळे या मार्गाने परत मिळेलच असे नाही. म्हणून तर विलंब करू नका, असे म्हणते. तुम्ही कमावत्या असाल, तर तेही विचारात घेतले जाईल, कारण मुलीचा भार दोघांवर आहे. परंतु त्यामुळे त्याची जबाबदारी शून्य होत नाही.

आदेशानंतर त्याने पैसे थकवले, तर वसुलीसाठी वॉरंट निघते आणि तरीही न भरल्यास कैदही होऊ शकते. मात्र प्रत्येक थकीत रकमेसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. थकबाकी साचू देऊन एकदाच मागू, असा विचार करणाऱ्या मातांचे यात नुकसान झालेले मी पाहिले आहे.

तुमच्या स्वतःच्या पोटगीचा प्रश्न वेगळा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात विवाहसदृश नात्याला संरक्षण आहे, पण तुमचे नाते तसे होते का, हे तपासून ठरते; मुलीचा अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका.

वकिलांच्या खर्चाची काळजी असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि बालकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना स्टॅम्प पेपरची छायांकित प्रत न्या आणि मूळ कागद न्यायालयात सादर करण्याची वेळ येईपर्यंत कोणाच्याही हाती देऊ नका.