‘ढोबळ अश्वशक्ती’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जुन्या अमेरिकी मसल कारवरचा (म्हणजे दांडग्या इंजिनाच्या वेगवान गाड्यांवरचा) लेख मराठीत आणताना ‘ग्रॉस हॉर्सपॉवर’ला ‘ढोबळ’ आणि ‘नेट’ला ‘निव्वळ अश्वशक्ती’ म्हटलं तर चालेल का? शिवाय शेवरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमधलं एलटी-1 इंजिन 1970 साली 370 अश्वशक्तीचं आणि 1972 साली 255चं, हे कसं?

‘निव्वळ’ बिनधास्त लिहा. अडतं ते ‘ढोबळ’पाशी. ‘ढोबळ नफा’ म्हणजे काही खर्च वजा व्हायच्या आधीचा नफा. तो आकडा पै न् पै पक्का असतो. पण जमाखर्चाच्या वहीबाहेर पाऊल टाकलं की ‘ढोबळ अंदाज’, ‘ढोबळमानाने’ सुरू होतं. वाचक ‘370 ढोबळ अश्वशक्ती’ हे ‘साधारण 370’ असंच वाचणार. अर्थशास्त्रातलं ‘स्थूल’ घ्यावं, तर डोळ्यांपुढे लठ्ठ घोडा उभा राहतो.

मुळात प्रकार काय होता? इंजिन गाडीबाहेर काढून चाचणीच्या स्टँडवर चढवायचं. एअर क्लीनर नाही, गाडीतला सायलेन्सर नाही, पंखा नाही, अल्टरनेटरचा भार नाही. अशा मोकळ्या अंगाने इंजिन जेवढा जोर लावेल तो ग्रॉस आकडा. हे सगळं लटांबर जोडून मोजलं की नेट. 1972च्या मॉडेलांपासून अमेरिकी कंपन्या नेट आकडाच छापू लागल्या.

1971चं एलटी-1 बघा, म्हणजे उलगडा होतो. त्या वर्षी शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले: ग्रॉस 330, नेट 275. इंजिन तेच, साल तेच. आधीचे 370चे 330 झाले ती घट खरी होती, कारण कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) 11 वरून 9 वर आणलं होतं. पण 330 आणि 275 यांच्यातले 55 घोडे कुठे पळाले नाहीत. मोजायची रीत बदलली, एवढंच. शेवटचे 20 तेवढे 1972मध्ये गेले.

म्हणून मी पहिल्यांदा ‘सुट्या इंजिनाची अश्वशक्ती’ आणि ‘गाडीतल्या इंजिनाची अश्वशक्ती’ असं लिहीन, पुढे सरळ ग्रॉस-नेट. ट्रॅक्टर घेताना इंजिनाची एचपी वेगळी आणि पीटीओची (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची) वेगळी विचारणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. (आणि विहिरीवरच्या मोटारीला ‘पाच अश्वशक्ती’ म्हणणारा मला अजून भेटायचाय. ती ‘पाच एचपी’चीच.)

तरी एका ठिकाणी ‘ढोबळ’ खुशाल वापरा. शेवरोलेचं 427 घनइंची एल88 इंजिन प्रत्यक्षात पाचशेच्या वर जायचं, पण कागदावर 430, म्हणजे त्याच मापाच्या पण साध्या रस्त्यासाठीच्या एल71पेक्षा पाचाने कमी. हा आकडा ग्रॉसही होता आणि मराठीतल्या अर्थाने ढोबळही.