गाडीवर बसण्याआधी विचारा : माझा मालक नक्की कोण?

जळगावच्या कोर्टात मोटार अपघात आणि कामगार भरपाईचे दावे चालवताना मला बावीस वर्षं झाली. ड्रायव्हरची नोकरी धरण्याआधी काय बघावं, हा प्रश्न मला बहुतेक वेळा नोकरी धरल्यानंतर आणि पुष्कळदा अपघातानंतर विचारला जातो. यंदाही पत्रांत तोच गोंधळ आहे, म्हणून या विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न (पारोळा) : व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली आहे. सुरत-नागपूर लाइनवर कंटेनर, पगार ४५ हजार, भत्ता वेगळा. नोंदणीसाठी अडीच हजार आधी भरायला सांगतात. भरू का?

उत्तर : नाही. ज्याला खरोखर ड्रायव्हर हवा आहे तो ड्रायव्हरकडून पैसे घेत नाही. भरले असतील तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न (साक्री) : कंपनी खरी की खोटी हे कसं ओळखावं? मित्र म्हणतो, ऑफिस मोठं आहे, बिनधास्त जा.

उत्तर : ऑफिस भाड्यानेही मिळतं. तुम्ही त्यांची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, बघा. तिच्यावर जीएसटी क्रमांक छापलेला असतो. पहिले दोन अंक राज्याचे : २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, २३ मध्य प्रदेश. तो क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की फर्मचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते दिसतं. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, त्यामुळे जुन्या फर्मची तारीख बहुधा तीच दिसते. 'वडिलांपासूनचा धंदा' सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या दिवाळीतली निघाली, तर का ते विचारा. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे हा क्रमांक नसेलही, तेवढ्यावरून तो लबाड ठरत नाही. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागू होतो. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव शोधलं की दर महिन्याला किती माणसांचा पीएफ भरला तेही कळतं. साठ गाड्या सांगतात आणि पीएफ चार माणसांचा भरतात, अशी ट्रान्सपोर्ट मी पाहिली आहेत.

एवढं झालं की गाडीतळावर जा. तुम्हाला जी गाडी देणार तिचा नंबर एमपरिवहन अॅपमध्ये टाका. फिटनेस, विमा, पीयूसी, टॅक्स आणि परमिट यांच्या मुदती एकेक करून वाचा. मग खाली वाकून टायर बघा, हवेच्या ब्रेकचे पाइप बघा. जुलै २०२३ मध्ये शिरपूरजवळच्या पळासनेरला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. बिजासन घाट उतरून शिरपूरकडे येणाऱ्याला त्या उताराची वेगळी ओळख करून द्यायला नको. तळावरच्या ड्रायव्हरांना 'शेठ कसे आहेत' असं विचारू नका, तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. 'सोडून गेलेल्याचा हिशेब किती दिवसांत झाला?' एवढंच विचारा आणि उत्तराला किती वेळ लागतो ते बघा.

प्रश्न (शहादा) : माझ्याकडे फक्त एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स आहे. कंपनी मालवाहू टेम्पो देते आहे. चालेल का?

उत्तर : गाडीचं भारासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर चालेल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हे स्पष्ट केलं आहे. हे वजन आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, लिहिलेलं असतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. एक किलोही वर असेल तर बसू नका.

प्रश्न (सावदा) : अकरा वर्षं गाडी चालवतो. नवीन ट्रान्सपोर्टमध्ये बोलणी झाली. नियुक्तिपत्र मागितलं तर शेठ म्हणाले, "आपल्यात कागद कशाला? घरचीच गाडी समज. आणि विमा फुल आहे." जास्त ताणलं तर नोकरी जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : दादा, तुमच्या पत्राला मोठं उत्तर देतो, कारण माझ्याकडे येणारे निम्मे दावे याच जागी अडतात.

काही वर्षांपूर्वी एरंडोल तालुक्यातली एक ताई माझ्या टेबलासमोर बसली होती. तिने कापड दुकानाची पिवळी पिशवी टेबलावर उलटी केली. डिझेलच्या पावत्या, टोलच्या चिठ्ठ्या, आणि ढाब्याच्या बिलांच्या पाठीमागे नवऱ्याच्या हातचे हिशेब : 'अॅडव्हान्स ५०००, पंक्चर २५०, हवा ४०, हमाली ६००'. नवरा मुक्ताईनगरच्या पुढे अपघातात गेला होता. गाडीच्या दारावर नाव एका ट्रान्सपोर्टचं, आरसीवर दुसऱ्याचं आणि पगार रोख देणारा तिसराच. ट्रान्सपोर्टने लिहून दिलं, गाडी आमच्याकडे अटॅच होती, ड्रायव्हर आमचा नाही. आरसीवाला म्हणाला, गाडी मी कधीच विकली. तिसऱ्याने सांगितलं, ओळखीचा होता, सोबत म्हणून गेला होता. विमा कंपनीने विचारलं, तो पगारी ड्रायव्हर होता याला पुरावा काय? त्या ढिगात एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर तिसऱ्याच्या मुनीमाची सही होती, गाडीचा नंबर होता आणि 'पगारापैकी' हा शब्द होता. दावा त्या एका शब्दावर उभा राहिला. तरी चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत तिच्या थोरल्या मुलाची शाळा सुटली, हे मी आजही विसरू शकत नाही.

आता तुमच्या शेठच्या 'फुल विम्या'बद्दल. पॉलिसीत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण दिसतं, ते गाडीच्या नोंदणीकृत मालकाचं, तो स्वतः गाडी चालवत असताना. पगारी ड्रायव्हरला ते मिळत नाही. हे मी शंभर वेळा सांगितलं असेल, तरी तळावर 'पंधरा लाख आहेत' हेच ऐकू येतं. ड्रायव्हरला मिळते ती कामगार भरपाई, आणि तिच्यासाठी तुम्ही नोकर होतात हे आधी सिद्ध व्हावं लागतं. पॉलिसीत पगारी चालकाच्या नावाने हप्ता घेतला आहे का ती ओळ शोधा. सापडली नाही तर पॉलिसी घेऊन वकिलाकडे या.

पगाराचा आकडाही लेखी हवा. मृत्यू झाला तर भरपाई म्हणजे महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. जानेवारी २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५ हजार धरतात. ३५ वर्षांच्या माणसाचा गुणक १९७.०६. पगार १५ हजार सिद्ध झाला तर घरच्यांना १४ लाख ७७ हजार ९५० रुपये होतात. मालकाच्या वहीत ८ हजारच लिहिले असतील तर तीच रक्कम ७ लाख ८८ हजार २४० वर येते. बाकीचं 'भत्ता' म्हणून रोख दिलं जातं, आणि तो भत्ता नंतर कुणाच्याच तोंडी नसतो.

नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं त्यांत बंधनकारक आहे, म्हणजे तुम्ही शेठकडे मेहेरबानी मागत नाही. लेटरहेडवर चार ओळी पुरतात : नाव, गाडी नंबर, पगार, रुजू तारीख, आणि खाली आरसीवाल्याची किंवा ट्रान्सपोर्टची सही. ते होतच नसेल तर रुजू होण्याच्या आदल्या रात्री मेसेज करा : 'शेठ, उद्यापासून तुमच्या अमुक नंबरच्या गाडीवर, पगार इतका, बरोबर ना?' त्यावर आलेला 'हो' जपून ठेवा. पगार खात्यात किंवा यूपीआयवरच घ्या. प्रत्येक खेपेला बिल्टीचा फोटो घरी पाठवा, कारण गाडी जळाली की मोबाइलही जळतो. आणि एवढं मागूनही ते नोकरी देत नसतील तर ती सोडा. केळीच्या पट्ट्यात ड्रायव्हरला काम मिळतं.

प्रश्न (शिरपूर) : कंपनी ओरिजिनल लायसन्स आणि एक कोरा सही केलेला चेक ठेवून घेते. सगळेच देतात म्हणे.

उत्तर : सगळे देतात म्हणून त्यातले किती जण चेक बाउन्सच्या केसमध्ये धुळ्याच्या कोर्टात तारखा मोजतात, ते एकदा येऊन बघा. लायसन्स तुमच्या नावावर आहे, ते तुमच्याजवळच राहील. डिजिलॉकरमधलं चालतं म्हणून ओरिजिनल ठेवून घ्यायचा हक्क कुणाला मिळत नाही. कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या स्टँपवर सही करू नका. दिलाच असेल तर चेकचा नंबर टिपा, परत मागणारं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. नोटीस आली तर वकील लगेच गाठा. कायदा १५ दिवसच देतो, आणि त्यातले दहा दिवस लोक घरी 'बघू' म्हणण्यात घालवतात.

प्रश्न (भुसावळ) : आता सगळ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली ना?

उत्तर : १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना. जुन्या गाडीत हक्काने मागता येणार नाही.

प्रश्न (नंदुरबार) : अपघात करून पळालं तर दहा वर्षं कैद आणि सात लाख दंड, असा कायदा झाल्यामुळे ही लाइनच सोडावी म्हणतो.

उत्तर : जानेवारी २०२४ च्या संपातली ही अफवा अजून फिरते आहे. भारतीय न्याय संहितेच्या त्या कलमात सात लाखांचा आकडा कुठेच नाही. दहा वर्षांची तरतूद असलेलं १०६(२) हे पोटकलम १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा बाजूला ठेवलं गेलं. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोचवायचं आणि पोलिसांना कळवायचं, हे कर्तव्य मात्र आधीपासूनच आहे.

प्रश्न (रावेर) : केळीची गाडी, दिल्ली लाइन, ड्रायव्हर एकच. वेळेत पोचलो नाही तर भाड्यातली कपात माझ्या पगारातून घेणार, असं आधीच सांगितलं आहे. घेऊ का?

उत्तर : दुसरा ड्रायव्हर देत नसतील तर घेऊ नका. अंतर हजार किलोमीटरच्या वर आहे. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, हे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून चालत आलेलं आहे. एकट्याने ती वेळ गाठायची तर झोप मोडावीच लागते. कपातीचं म्हणाल तर नुकसान तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं हे दाखवल्याशिवाय आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय पगाराला हात लावता येत नाही. अशी अट लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी तो कागद कामगार कार्यालयात किंवा वकिलाला दाखवा. ओव्हरलोडचंही आत्ताच बोलून घ्या. दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार आहे. काटा पावतीचा फोटो काढल्याशिवाय तळ सोडू नका.

प्रश्न (अमळनेर) : माझे पती ट्रकवर होते. नवापूरजवळ अपघात झाला, पाय मोडला. शेठ दवाखान्याचा खर्च देतात आणि म्हणतात, केस करू नका, बरा झाला की बघू. तीन महिने झाले. काय करावं?

उत्तर : ताई, बरं होण्याची वाट बघू नका. दवाखान्याचा खर्च आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामगार भरपाईचा अर्ज २ वर्षांत करता येतो. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा न्यायचा तर कायदा ६ महिने सांगतो, आणि त्यातले तीन गेले. दोन्हींपैकी एकच वाट निवडावी लागते. चूक समोरच्या गाडीची असेल तर न्यायाधिकरणाची वाट फायद्याची, पतीची ठरत असेल तर कामगार भरपाईची. एफआयआर आणि पंचनामा वाचल्याशिवाय ते मी इथून सांगू शकत नाही, आणि तळावरच्या कुणाचंही त्याबाबत ऐकू नका. समजुतीचा कागद म्हणून स्टँपवर सही किंवा अंगठा मागितला तर देऊ नका. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा, तिथे मोफत वकील मिळतो. जाताना दवाखान्याचे कागद, लायसन्सची प्रत आणि पतीचा मोबाइल सोबत न्या. त्यात शेठचे जे काही मेसेज असतील, त्यातला एकही पुसू नका.