युव्हियायटिस आपल्याकडे किती जणांना असतो?

तुमच्या भावाला युव्हियायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची सूज, निघाला, डॉक्टर म्हणाले "हा फारसा कुणाला होत नाही", आणि तुम्ही विचारताय की आपल्याकडे नेमका किती जणांना असतो. मी कोकणात ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. वाटतो तेवढा दुर्मिळ नाही, एवढं आधी सांगतो.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो हैदराबादचा आकडा. नव्वदच्या दशकात एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या मंडळींनी शहरातल्या वस्त्यांमधून निवडलेली, सगळ्या वयांची २५२२ माणसं तपासली. त्यांतल्या २१ जणांना हा आजार होता किंवा होऊन गेल्याच्या खुणा होत्या. वय वगैरे हिशेबात धरून प्रमाण ०.७३ टक्के आलं, म्हणजे लाखात ७३०. आधीच्या शस्त्रक्रियेमुळे झालेले वगळले तरी ०.३७ टक्के उरतात. पावणेतीनशे माणसांत एक. आमच्या वाडीत गणपतीला तेवढी माणसं सहज जमतात!

उत्तर कॅलिफोर्नियात हेच प्रमाण लाखात ११५ निघालं होतं. पण तिथे दवाखान्यातल्या नोंदींवरून मोजलं. जो डॉक्टरकडे गेलाच नाही, तो त्यात नाही. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून "आपल्याकडे सहापट" असं कृपया म्हणू नका.

प्रदेशाप्रमाणे कारणंही बदलतात. १९९३ च्या पुरानंतर मदुराईकडे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) साथ आली आणि तिच्या मागोमाग युव्हियायटिसचे रुग्ण येऊ लागले. लेप्टो आम्हाला नवा नाही, लावणीच्या चिखलात माणसं अनवाणीच उतरतात. म्हणून पावसाळ्यानंतर लाल डोळा घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, "मध्ये ताप येऊन गेला होता का?" आपल्याकडे क्षयही एक मोठं कारण आहे.

गेल्या वर्षी एक मावशी पदर डोळ्यावर धरूनच आत आल्या. उजेड सहन होत नव्हता. "डोळे आलेत" म्हणून तीन आठवडे दुकानातून आणलेले थेंब घालत होत्या. चिपडं नव्हती, खाज नव्हती. लाली बुबुळाभोवती गोल, आणि दुखणं आतून. स्लिट लँपच्या (डोळा मोठा करून बघायच्या यंत्राच्या) उजेडात, कवडशात धूळ तरंगावी तशा सुजेच्या पेशी डोळ्यात तरंगत होत्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर ती गोल उघडेना, मागच्या भिंगाला जागोजागी चिकटलेली. म्हणजे डोळे आले नव्हते, हा युव्हियायटिसच. त्याच दिवशी त्यांना जिल्ह्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. अशी किती माणसं घरीच थेंब घालत बसली असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

भावाला स्टिरॉइडचे थेंब दिले असतील, तर बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू देऊ नका. ते डॉक्टर सांगतील तसे हळूहळू कमी करतात. आणि कंबर सकाळी आखडते का, तेही त्याला विचारा. तरुण मुलांत मणक्याचा संधिवात आणि हा डोळा बरेचदा जोडीने येतात.